सिनेमा संथ आहे, पण पाणी घातलेला नाही

नमस्कार. नुसत्या ‘छान लिहिलंय’पेक्षा असं भांडण मला केव्हाही चालेल. तुमचे आक्षेप तीन: सोव्हिएत दिग्दर्शक इयोसिफ खेइफित्सचा ‘लेडी विथ द डॉग’ (१९६०) हा सिनेमा म्हणजे रशियन लेखक चेखवच्या छोट्याशा कथेत पाणी घालून केलेला दीड तास, नायक गुरोवला त्यात उगाच सज्जन केलंय, आणि मॉस्कोतल्या सुखवस्तू मंडळींची टिंगल हा निव्वळ सोव्हिएत प्रचार.

प्रचाराचं आधी निकालात काढू. समुद्रकाठच्या यल्टात ॲना या विवाहित तरुणीशी प्रेमसंबंध जुळवून मॉस्कोला परतलेल्या, स्वतःही विवाहित असलेल्या गुरोवचा जीव गुदमरतोय, कुणाशी तरी बोलायचंय. क्लबातून निघताना तो सोबतच्या अधिकाऱ्याला कसंबसं सांगतो की, यल्टात एक फार मोहक बाई भेटली होती. अधिकारी स्लेजमध्ये बसतो, निघता निघता वळून हाक मारतो आणि म्हणतो, ‘तुमचं बरोबर होतं हो, त्या माशाला वास येत होता!’ हे चेखवने १८९९ मध्ये लिहिलंय. रशियन क्रांतीला अजून १८ वर्षं होती! आता याचं बिल खेइफित्सच्या नावावर कसं फाडणार?

संथपणाचं म्हणाल तर मुळात कथाच संथ आहे. यल्टातलाच प्रसंग घ्या: ‘आता तुम्हीच मला मान देणार नाही,’ असं म्हणत ॲना खचून बसलीय आणि गुरोव टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खातोय. अर्धा तास तरी दोघंही गप्प. चेखव हे दोन-तीन वाक्यांत उरकतो, कारण तो अर्धा तास आपण वाचताना मनात भरून काढतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. शांतता दाखवायची तर तेवढा वेळ मोजावाच लागतो. आणि आंद्रेई मोस्कविनसारखा, दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या ‘इव्हान द टेरिबल’ या सिनेमावर काम केलेला छायाचित्रकार हाताशी असताना घाई कशाला करायची?

गुरोवबद्दलचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. कथेतला गुरोव बायकांना हलक्या प्रतीच्या समजतो, आणि त्यांच्यावाचून त्याचे दोन दिवसही जात नाहीत. सिनेमात गुरोव झालेल्या अलेक्सेई बातालोवचा चेहराच असा की, त्याने काही करायच्या आतच आपण त्याला माफ करून मोकळे होतो. तोल सांभाळते ती ॲना झालेली इया साव्विना. पत्रकारिता शिकलेली, पडद्यावरचं पहिलंच काम! नाट्यगृहात गुरोव अचानक समोर येतो, तो प्रसंग फक्त तिच्यासाठी पुन्हा पाहा. तिला आनंद झालाय की धसका बसलाय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.