"पैसे देऊन काळोख बघितला" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. भाच्याच्या वाढदिवसाला तुम्ही म्हापशाला आमच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या दुकानात (स्क्रीनवर विमान उडवायचं) आलात आणि दोन स्टार देऊन लिहिलंत, "पैसे देऊन काळोख बघितला. वेगाचा काटा दिसेना, पोराने विमान आपटलं. सूर्य बंद करायची सोय ठेवा."

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्याच खुर्चीत बसलो. तेच सेसना १७२ हे छोटं विमान, दाबोळी विमानतळाची २६ नंबरची धावपट्टी, फेब्रुवारीतली संध्याकाळ. २६ म्हणजे साधारण २६० अंश, विमानाचं नाक जवळजवळ पश्चिमेला, त्या दिवसांत सूर्य अगदी समोर बुडतो. उजवीकडे झुआरी नदी चकाकत होती आणि काट्यांचं पॅनेल ठार काळं. वर समोरच्या मेडिकलची हिरवी पाटी काचेच्या दारातून येऊन नेमकी अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीच्या काट्यावर. रोज बघणाऱ्या मलाही काटा सापडला नाही.

खऱ्या विमानातही समोरचा सूर्य छळतो. पण तिथे पायलट मान खाली घालतो, डोळा सावलीला सरावतो, सन व्हायजर, म्हणजे ऊन अडवायची झापड, ओढता येतो. आमच्या स्क्रीनचा उजेड खऱ्या उन्हाच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून सॉफ्टवेअर आकाश किंवा पॅनेल, एकालाच सांभाळतं. आमचं सेटिंग आकाश सांभाळणारं होतं. मुरलेल्या सिमवाल्यांना तेच हवं असतं, पण पहिल्यांदा आलेल्या पोराला ते लावलं ही आमची चूक. वर दुकानातल्या आमच्या मुलाने मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण चढवला. त्याने काळ्याचं राखाडी झालं आणि धावपट्टीही फिकटली.

रेकॉर्डिंगही बघितलं. उतरताना ६५ नॉटच्या (विमानाचा वेग नॉटमध्ये मोजतात) आसपास यायचं, भाचा ८० वर आला. विमान टेकेना, म्हणून त्याने नाक दाबलं. काटा दिसला असता तर वेग आधीच कमी केला असता, हात चांगला आहे त्याचा.

आता पॅनेलवरच्या वेग-उंचीच्या घड्याळांना वेगळी छोटी स्क्रीन दिली आहे, तिचा ब्राइटनेस स्वतंत्र. दाराला काळा पडदा लावला. नवीन माणसाला सकाळी दहाची वेळ लावतो, सूर्य पाठीमागून पॅनेलवर पडतो. सूर्य मात्र बंद करणार नाही, त्यासाठीच लोक लांबून येतात.

भाच्याला घेऊन या, अर्धा तास आमच्यातर्फे. संध्याकाळच हवी म्हणाला तर तीही लावू, यावेळी शेजारी मी बसेन.