पहिल्या पीटरास दुसरी कॅथरीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिनं सेंट पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात उभारलेल्या, सम्राट पीटर पहिल्याच्या अश्वारूढ पुतळ्यावरचा माझा लेख तुम्ही बारकाईनं वाचलात आणि तितक्याच बारकाईनं खोडून काढलात. मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चौथऱ्यावरच्या ‘पहिल्या पीटरास दुसरी कॅथरीन’ या चार शब्दांतून मी नको तेवढा अर्थ काढला. ‘पहिला’ आणि ‘दुसरी’ हे निव्वळ राजघराण्यातले क्रमांक आहेत, लॅटिन मजकूर ही तेव्हाची युरोपातली रीत होती. आणि राणीच्या चार शब्दांवर पानभर लिहिताना तो अवाढव्य दगड ओढणाऱ्या माणसांची मी दोन ओळींत बोळवण केली. शेवटच्या मुद्द्यावर मला बरंच बोलायचं आहे, पण आधी क्रमांकांचं पाहू.

ते क्रमांक आहेत, यात वाद नाही. कॅथरीन पहिली म्हणजे पीटरचीच दुसरी बायको, १७२५ ते १७२७ गादीवर होती. पीटर नावाचेही १७८२ पर्यंत तिघे होऊन गेले होते. म्हणजे क्रमांक घालणं चूक नव्हतं. पण कोरीव लेख वाचताना जे कोरलंय त्याच्याशेजारी, जे कोरता आलं असतं आणि कोरलं नाही, तेही मांडून बघावं लागतं. १७२१ मध्ये खुद्द सिनेटनं, म्हणजे रशियाच्या सर्वोच्च शासकीय मंडळानं, पीटरला ‘महान’, ‘सम्राट’, ‘पितृभूमीचा पिता’ अशा पदव्या दिल्या होत्या. पुतळा त्याच सिनेटच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चौकात आहे. तरी यातली एकही पदवी चौथऱ्यावर नाही. ‘महान पीटरास’ म्हटलं असतं तर तो एकटाच वर चढला असता आणि देणारी खाली राहिली असती. ‘पहिला’ म्हटलं की ‘दुसरी’ आपोआप त्याच्या रांगेत येते.

आणि तिला त्या रांगेत यायची गरज होती. ती जन्मानं आनहाल्ट-त्सेर्ब्स्टची जर्मन राजकन्या. नवरा पीटर तिसरा हा पीटर पहिल्याच्या मुलीचा मुलगा, म्हणजे ही नातसून. सासरच्या या आजोबांना तिनं पाहिलेलंही नव्हतं. १७६२ मध्ये पहारेकरी पलटणींच्या जोरावर तिनं नवऱ्याला गादीवरून खाली खेचलं आणि काही दिवसांतच तो कैदेत मेला. मुलगा पावेल तेव्हा सात वर्षांचा होता. गादीवर त्याला बसवावं आणि आईनं फक्त कारभार पाहावा, असं मानणारे लोक दरबारातच होते. रक्ताचा हक्क सांगता येत नाही अशा बाईनं पीटरच्या कामाची वारस म्हणून उभं राहणं, हा त्या पुतळ्याचा हेतू होता, असं मी म्हणतो ते यामुळे.

क्रियापदाची गोष्ट तुम्ही प्रतिक्रियेत सोडून दिलीत आणि माझ्या दृष्टीनं ती सगळ्यात महत्त्वाची आहे. शिल्पकार फाल्कोने यानं सुचवलेल्या मजकुरात ‘उभारला’ हा शब्द होता. कॅथरीननं तो काढला. तो राहिला असता तर वाक्य पुतळ्याबद्दल झालं असतं: अमक्याचा पुतळा, अमकीनं उभारला, विषय संपला. काढल्यावर उरली फक्त दोन नावं आणि त्यांचे क्रमांक. खाली साल १७८२, म्हणजे पीटर गादीवर आला त्या १६८२ ला बरोबर शंभर वर्षं. ओतकाम त्याआधीच उरकलं होतं, फाल्कोने १७७८ मध्येच रशिया सोडून गेला होता. कोरलं गेलं ते शताब्दीचं साल.

लॅटिनबद्दल तुमचं बरोबर आहे, ती रीत होती. फक्त एवढंच लक्षात घ्या की चौथऱ्याच्या एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला रशियन, असा दोन्हीकडचा मजकूर तोच आहे. लॅटिन वाचणाऱ्या परदेशी राजदूतासाठी एक शब्द जास्त नाही, रशियन वाचणाऱ्यासाठी एक कमी नाही.

आता माझा खरा साक्षीदार. हा अर्थ मी अडीचशे वर्षांनी घरी बसून काढलेला नाही. तो तिच्या पोटच्या मुलानं काढला आणि दगडातच उत्तर दिलं. थोरला रास्त्रेल्ली या शिल्पकारानं पीटरच्या हयातीतच त्याच्या आणखी एका अश्वारूढ पुतळ्याचं काम हाती घेतलं होतं. तो ओतून पुरा झाला १७४७ मध्ये, पीटर आणि रास्त्रेल्ली दोघेही गेल्यावर. कॅथरीनला तो पसंत नव्हता, म्हणून तो कित्येक वर्षं तसाच पडून राहिला. आई गेल्यावर पावेलनं १८०० मध्ये तो आपल्या नव्या मिखाइलोव्स्की किल्ल्यासमोर बसवला आणि चौथऱ्यावर दोनच शब्द घातले: ‘पणजोबास पणतू’. खाली साल.

या दोन शब्दांत नाव नाही, क्रमांक नाही, आहे ते फक्त नातं, आणि नेमकं तेच त्याच्या आईकडे नव्हतं. इथेही क्रियापद नाही, इथेही घेणारा आधी आणि देणारा नंतर. आईच्या लेखाचा साचा जसाच्या तसा उचलून त्यानं तिच्या दाव्याचा कणाच काढून घेतला. पावेलचा बाप नक्की कोण, याची दरबारात कुजबुज होती आणि कॅथरीनच्या स्वतःच्या आठवणींनीही त्या संशयाला जागा ठेवली आहे. अशा माणसानं ‘पणतू’ हा शब्द चारचौघांत कोरून घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्याआधी १७९७ मध्ये वारसाहक्काचा नवा कायदा करून त्यानं घराण्यात पुरुष वारस असेतो बायकांना गादी मिळणार नाही अशी तजवीज केली होती. कायद्यातलं आणि दगडातलं, दोन्हीकडचं दुखणं एकच. १८०१ च्या मार्चमध्ये त्याच किल्ल्यात त्याचा खून झाला.

चौथऱ्यावरच्या अक्षरांना कोण विचारतो, असंही तुम्ही लिहिलंत. त्याच शहरात अलेक्झांडर तिसऱ्याचा पुतळा होता, त्रुबेत्स्कोयनं केलेला, १९०९ चा. त्यावर सैबेरियाच्या महान रेल्वेचा संस्थापक म्हणून सम्राटाचा गौरव होता. क्रांतीनंतर पुतळा बरीच वर्षं जागेवरच ठेवला, पण १९२२ मध्ये चौथऱ्यावर देम्यान बेद्नीची कविता कोरली. तिच्यात सम्राट स्वतःच्याच तोंडानं स्वतःला बुजगावणं म्हणवतो. ब्राँझला कुणी हात लावला नाही आणि केवळ अक्षरांनी त्या पुतळ्याचा अर्थ उलटा केला. पुढे १९३७ मध्ये पुतळाच हलवला. सत्तेवर येणाऱ्यांना या अक्षरांची किंमत नेहमीच कळलेली आहे.

आता दगड ओढणाऱ्यांचं. इथे तुमची कळकळ माझीही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चौथऱ्याचा तो ‘वज्रशिला’ म्हणून प्रसिद्ध असलेला खडक फिनलंडच्या आखाताजवळ लाख्ताच्या दलदलीत रुतलेला होता. त्याची खबर दिली सेम्योन विश्न्याकोव्ह नावाच्या शेतकऱ्यानं. वजन सुमारे १५०० टन. जमीन गोठल्यावर, १७६९-७० च्या हिवाळ्यात, तो हलवायला घेतला. खाली धातूचा पत्रा मढवलेले पन्हळीसारखे लाकडी रूळ, त्यांत ब्राँझचे गोळे, त्यावर खडक. ही युक्ती कार्बुरी या ग्रीक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अमलात आली. मागचे रूळ उपसून पुढे मांडायचे, दोर ताणायचे, चरक फिरवायचे. हे सगळं माणसांच्या बळावर, सुमारे चारशे जणांच्या. खडक सरकत असतानाच पाथरवट त्यावर बसून त्याला घडवत होते. बघायला कॅथरीन स्वतः आली आणि त्या दिवसाचं पदक निघालं. मजुरांची नावं पदकावरही नाहीत.

ओतकामाचंही तसंच. १७७५ मध्ये वितळलेलं ब्राँझ साच्याबाहेर फुटलं, आग लागली, लोक पळाले. ओतकाम करणारा येमेल्यान खाईलोव्ह जागचा हलला नाही, म्हणून बराचसा पुतळा वाचला आणि वरचा भाग नंतर पुन्हा ओतता आला. पीटरचा चेहरा घडवला मारी-आन कोलोनं. फाल्कोनेची ही शिष्या अठरा वर्षांची असताना त्याच्याबरोबर पॅरिसहून आली होती. तिचंही नाव चौथऱ्यावर नाही. फाल्कोनेनं आपली सही अंगरख्याच्या एका चुणीत घातली, जमिनीवरून ती दिसत नाही. आपल्याकडे कोनशिलेवर ‘अमुक यांच्या शुभहस्ते’ ठळक असतं आणि गवंड्याला जागा नसते, त्याच जातीचा हा प्रकार.

म्हणूनच तुमचा निष्कर्ष मला पटत नाही. ही माणसं वगळली गेली, तेव्हा चौथऱ्यावरच्या लेखाकडे दुर्लक्ष करा, असं तुम्ही म्हणता. माझ्या मते ती कशी वगळली गेली हे त्या लेखातच दिसतं. ‘उभारला’ हा शब्द गेला आणि त्याबरोबर उभारणाऱ्यांचा प्रश्नही गेला. कुणी ओढलं, कुणी ओतलं, हे विचारायला वाक्यात जागाच उरली नाही.

लाख्ता ते सिनेट चौक या खडकाच्या प्रवासावर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे, विश्न्याकोव्ह आणि खाईलोव्ह त्यात सविस्तर येतील. तुम्ही पीटर्सबर्गला पुन्हा जाणार आहात असं लिहिलंय, तेव्हा एक विनंती: सिनेट चौकातून मिखाइलोव्स्की किल्ल्यापर्यंत चालत जाण्यासारखं अंतर आहे, तर दोन्ही चौथरे एकाच दिवशी बघा, आधी आईचा, मग मुलाचा. नंतरही तुमचं मत हेच राहिलं तर जरूर लिहा, मला वाचायला आवडेल.