आमची आज्जी पण अशीच होती

लेखातली घरादाराला हसवणारी आजी वाचून थेट आमची आज्जीच आठवली बघा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर, पण आवाज असा की कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना पण कळायचं आज म्हातारीचा मूड काय हाय. उन्हाळ्यात चटणीची मोहीम, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या वाळवायच्या, देठं आम्ही पोरांनी काढायची, मग ही स्वतः मिरच्या कुटायच्या डंकावर उभी राहणार, सगळे शिंकून बेजार आणि ही पदर नाकाला लावून डंकवाल्याला, "बारीक कूट रं, पैसे काय चिंचोके दिलेत व्हय?"

आषाढात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला घालायला निघालं की पी ढबाक बाजा वाजायचा अवकाश, डोक्यावर कलश तसाच ठेवून नाचायची, गुडघेदुखी फक्त डॉक्टरसमोर. शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच असली की एकच चौकशी, आपली पेठ जिंकली का? हरली तर रेफ्री मेला.

फक्त एक, लेखात आजीला पार देवी करून टाकलंय, ते काय आपल्याला पटलं नाही. आमची नळावर भांडायची पण जोरात. माझ्यामागं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा करा म्हणून आधीच ऑर्डर देऊन ठेवलेली, तेराव्याला काय जमलं नाही पण पुढच्या रविवारी केलाच, आणि पांढरा रस्सा कुणी केला, तर नळावर जिच्याशी रोज वाजायचं त्या शेजारच्या काकूंनी. लई भारी झालेला.