द्वारकेला थांबलं की मागचा ठोकतो

भाच्याने अमेरिकेतल्या फिनिक्सहून व्हिडिओ टाकला. पठ्ठ्या वेमो कंपनीच्या टॅक्सीत मागे बसलाय, पुढे स्टिअरिंग आपोआप फिरतंय आणि ड्रायव्हरची सीट रिकामी. फॅमिली ग्रुपवर आधी आत्याचा मेसेज आला, "बाळा, उतर आधी खाली!" मग दाजींचा, "नाशकात कधी येणार ही?"

दाजींना अंगठा पाठवून सुटलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण आमच्या नव्या गाडीत अ‍ॅडास आहे. समोर काही आलं की गाडी स्वतःच ब्रेक मारते. गेल्या महिन्यात तिने तो द्वारकेला, म्हणजे नाशकातल्या द्वारका चौकात मारला. डावीकडून रिक्षाने चाक घातलं, नेहमीसारखं, वीतभर अंतर ठेवून. मी पाय आधीच उचलला होता, रिक्षावाल्याने आरशात मला बघितलं होतं, आमचं दोघांचं ठरलं होतं. गाडीला ते कळलं नाही. कचकन थांबली. मागच्या पिकअपवाल्याने बंपरपासून हातभरावर गाडी रोखली आणि माझ्या खानदानाची चौकशी केली. शेजारी अण्णा बसले होते, बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "हिला सांग, द्वारकेला थांबलं की मागचा ठोकतो."

दाजी, अडचण आहे ती ही. फिनिक्समध्ये २०२० पासून विनाचालक टॅक्सी फिरतेय, पण तिथलं शहाणपण बोटीत घालून इथे उतरवता येत नाही. डिपरचंच घ्या. इंग्लंडात समोरच्याने डिपर दिला तर बहुतेकदा अर्थ 'तुम्ही व्हा पुढे'. आपल्याकडे अर्थ 'सरक, मी येतोय'. दिवा तोच, निरोप उलटा.

व्होल्वोची गंमत २०१७ साली बाहेर आली. स्वीडनमध्ये मूस, म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा चुलतभाऊ, ओळखायला शिकलेली यंत्रणा ऑस्ट्रेलियात गेली आणि कांगारूपुढे गडबडली. ती प्राण्याचं अंतर जमिनीच्या आधाराने मोजायची. कांगारू हवेत गेला की लांब वाटायचा, खाली आला की जवळ. आपल्याकडे कांगारू नाहीत, पण पिंपळगावच्या रस्त्यावर रात्री कांद्याच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आहे. टेललाइट नाही, मागच्या फळीला सुतळीने बांधलेली एक जुनी सीडी. उजेड पडला की ती चमकते. अण्णांना तेवढं पुरतं. कुठल्या देशात गाडीला सीडी म्हणजे ट्रॅक्टर असं शिकवलं असेल?

टोकियोत जाताना वेमोने हेच ओळखलं. २०२५ मध्ये आधी माणसं स्टिअरिंगवर बसवून गाड्या फिरवल्या, रस्ते टिपून घ्यायला. आपल्याकडे तेही सरळ जमणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार एक मीटरपेक्षा बारीक नकाशे भारतीय कंपन्यांनीच करायचे, परदेशी कंपनीने त्यांच्याकडून परवान्यावर घ्यायचे. मला यात गैर वाटत नाही. चीन तर याहून कडक आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये गडकरी नागपुरात म्हणाले, विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, ड्रायव्हरांचा रोजगार जाईल. बरेच जण हसले. मी हसलो नाही, पण कारणही पुरतं पटलं नाही. माझा प्रश्न पंचनाम्याचा आहे. त्यात चालकाचं नाव लिहावं लागतं. तिथे काय लिहायचं? ब्रिटनने २०२४ मध्ये कायदाच केला: गाडी स्वतः चालत असताना चूक झाली तर आत बसलेल्यावर नाही, मंजुरी घेतलेल्या कंपनीवर जबाबदारी. जर्मनीने २०२१ मध्येच कायदा करून दुरून देखरेख करणारा माणूस सक्तीचा केला. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा, लायसन्स माणसाला देणारा. आणि कॅलिफोर्नियात २०२३ साली काय झालं? जनरल मोटर्सच्या क्रूझ या विनाचालक टॅक्सी कंपनीच्या गाडीने आधीच दुसऱ्या गाडीची धडक बसलेल्या बाईला फरपटत नेलं. राज्याने परवाना निलंबित केला, पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा नादच सोडला. आपल्याकडे असं झालं तर आधी जमाव जमेल, परवान्याचं नंतर.

म्हणून टॅक्सीची मला घाई नाही. द्वारकेला तो ब्रेक मी आता सेटिंगमधून बंद करतो. कसाऱ्याला मात्र अण्णा बंद करू देत नाहीत. पावसाळ्यात घाटात धुकं होतं, पुढे बंद पडलेला ट्रक, दिवे नाहीत. अण्णांच्या आधी गाडीने पाहिला आणि थांबली. अण्णा क्षणभर गप्प. मग डॅशबोर्डवर एक थाप मारली, पूर्वी एसटीच्या बॉनेटवर मारायचे तशी.