धारण तलावाला रिकामा प्लॉट समजू नका

जुलै-ऑगस्टमध्ये सगळी मुंबई पावसाचा अंदाज बघते. नवी मुंबईत नेरूळ, वाशी, कोपरखैरणेच्या खाडीकडच्या सेक्टरांत राहणाऱ्यांनी त्यासोबत भरतीची वेळही बघायला हवी. भर दुपारी साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती आणि नेमका तेव्हाच मुसळधार पाऊस, असा योग आला की आपल्या शहराची खरी परीक्षा असते. कारण आपण राहतो त्यातली बरीचशी जमीन त्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. वीस-वीस वर्षं इथे राहणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नाही, आणि ते कोणी आवर्जून सांगितलंही नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

नवी मुंबईची कल्पना मांडली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांचं म्हणणं छापून आलं. बेटावरची मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे पूर्वेला जागा द्या, असा त्याचा गाभा. १९७० च्या मार्चमध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर जमीन, वीस लाख माणसांसाठी आराखडा. एकच मोठं शहर न करता वेगवेगळे नोड, म्हणजे आपापल्या सोयी असलेली छोटी उपनगरं, प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरात शाळा, बाजार, मैदान. रेल्वे आणायच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून लोकल वाशीला आली. या सगळ्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. माझी मुलगी पहिलीपासून चालत शाळेत गेली. मुंबईतल्या माझ्या बहिणीला यातलं सुख समजावून सांगावं लागत नाही.

पण या आराखड्यातलं सगळ्यात हुशारीचं काम फूटपाथ किंवा स्टेशन नाही. ते काम म्हणजे धारण तलाव. आपण सगळे त्यांना होल्डिंग पाँड म्हणतो.

आपल्या पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शहर. डोंगरावर पडलेलं पाणी थोड्याच वेळात नाल्यांतून खाली येतं. नाले सरळ खाडीत सोडले असते, तर भरतीला खाडीचं पाणी त्याच नाल्यांतून उलट शहरात शिरलं असतं. ते टाळायचं तर सगळी जमीन मातीचा भराव घालून भरतीच्या वर उचलायला हवी होती. तेवढी माती आणायची म्हणजे आणखी किती डोंगर फोडावे लागले असते, याची कल्पना करा. त्याऐवजी डच पद्धत घेतली. किनाऱ्यालगत खोल, रुंद तलाव राखले आणि नाले त्यांत सोडले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपांचे दरवाजे बसवले. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली, खाडी उतरली, की तलावातलं पाणी वरचढ होतं आणि आतून झडप ढकलून बाहेर पडतं. वीज लागत नाही, की बटण दाबायला माणूस लागत नाही. तलावात पुरेशी जागा आणि झडप धड, एवढ्या दोनच गोष्टी लागतात.

आता डच म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी परदेशी, नवीन. इथल्या आगरी-कोळी गावांत हे पिढ्यान् पिढ्या चालत होतं. खारजमिनीवर भात घ्यायचं तर खाडीचं पाणी बाहेर ठेवणारा बांध लागतो आणि पावसाचं पाणी बाहेर जाऊ देणारी उघाडी लागते. उघाडीला लाकडी फळ्यांचं दार. भरतीला मिटणार, ओहोटीला उघडणार. तत्त्व तेच. करावे गावातले एक वयस्कर काका, ज्यांची भातशेती आता पार पुसली गेली आहे, त्यांनी मला एकदा पाम बीच रोडच्या कडेला उभं राहून हे हाताने दाखवत समजावलं होतं. ‘आमी उधानाला रातभर बांदावर बसाचो. खांड परली का सगला गाव पाट्या-फावरी घेवून धावाचा.’ खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. ते बुजवलं नाही तर खारं पाणी शेतात शिरून पुढची काही वर्षं भात नाही. त्यामुळे बांध कोणाचा, जबाबदारी कोणाची, असा प्रश्नच गावात उठत नसे.

या माणसांच्या जमिनी घेऊन आपलं शहर उभं राहिलं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते लढले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघरच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मिळण्याचा हक्क मिळाला. मोबदल्याचा हिशोब निदान कागदावर तरी मांडला गेला. पण पाण्याबद्दलचं त्यांचं ज्ञान नव्या शहराने कधी विचारात घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आराखड्यात गाव म्हणजे गावठाणाची हद्द, एवढंच उरलं. ज्यांना कुठली उघाडी कधी तुंबते हे झोपेतही सांगता आलं असतं, ते प्रकल्पग्रस्त झाले. आणि तलावांची देखभाल निविदेवर गेली.

काही पावसाळ्यांपूर्वी आमच्या सेक्टरात तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं. पाऊस होता, पण बेताचा. लोक आभाळाकडे बघून बोटं मोडत होते. मी खाली उतरले तर गटाराच्या लोखंडी झाकणाच्या भोकांतून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं, काळपट, चिखलाचा वास असलेलं. आणि पार्किंगच्या फरशीवर दोन निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. निवटी खाडीच्या चिखलात राहते, ती काही ढगातून पडत नाही. म्हणजे खाडी आत आली होती. नंतर दोघे-तिघे जाऊन बघितलं तेव्हा कळलं, तलावाच्या दरवाज्यात लाकडाचा ओंडका आणि थर्माकोलचा ढीग अडकून झडप धड मिटलीच नव्हती. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यांनी पहिल्याकडे. ओंडका शेवटी गावातल्या पोरांनी दोरखंड लावून काढला. तळमजल्यावरच्या काकूंच्या गाद्या, तांदळाची कोठी, शिलाई मशीनची मोटर, सगळं गेलं.

झडपेपेक्षा मोठा प्रश्न गाळाचा आहे. प्रत्येक भरतीसोबत थोडाथोडा गाळ तलावात येतो आणि बसतो. वर्षानुवर्षं तो काढला नाही की तलाव उथळ होतो. उथळ झालेल्या चिखलात तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, बिया रुजतात. तिवरं वाढली की कायद्याचं संरक्षण लागू होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे त्यांच्या ५० मीटरच्या आतसुद्धा परवानगीवाचून काही करता येत नाही. ते आदेश मला मोलाचे वाटतात. ते नसते तर आपल्या किनाऱ्यावर आज एक तिवर शिल्लक राहिलं नसतं. पण त्यातून गाठ अशी बसली आहे की गाळ काढायचा तर तिवरं तुटतात, आणि गाळ राहू द्यायचा तर तलावात पाणी मावत नाही.

इथे मी माझं मत स्पष्ट मांडते, माझे पर्यावरणवाले मित्र रागावले तरी चालेल. बांधाच्या बाहेरचं, खाडीकडचं एकही तिवर हलता कामा नये. लाटा तीच अडवतात, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. तलावाच्या आत मात्र न्यायालयाची परवानगी घेऊन, टप्प्याटप्प्याने, नाल्याच्या तोंडापासून दरवाज्यापर्यंतचा मार्ग तरी मोकळा करायलाच हवा. तो तलाव माणसाने पाणी धरण्यासाठी खणलेला आहे. त्याने पाणी धरलं नाही तर त्याचं दुखणं तळमजल्यावरचा माणूस भोगतो. काढलेल्या तिवरांच्या बदल्यात किती लावली आणि कुठे लावली, हे लोकांना जागेवर जाऊन बघता आलं पाहिजे.

आणि गाळाने उथळ झालेला तलाव हळूहळू जमिनीसारखा दिसायला लागतो, ही याहून मोठी धास्ती. जमिनीसारखं दिसलं की कोणाला तरी तिथे प्लॉट दिसतो. आपल्याकडे चौरस फुटाचा भाव माहीत नसलेलं शाळकरी पोरही सापडणार नाही. पाणथळ जागा म्हणजे ‘अजून बांधलं नाही’ अशी जागा, हा समज इतका रुळला आहे की नेरूळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्सचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांना न्यायालयात जावं लागलं. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावाला भरतीचं पाणी मिळेनासं झालं, तळं सुकत गेलं आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मेलेले सापडले. एकीकडे ठाणे खाडीला २०२२ पासून रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, मान आहे, चौकाचौकांत गुलाबी रोहितांचे पुतळे आहेत, आणि खरे रोहित भरतीला ज्या तळ्यांवर येऊन बसतात त्यांचा पाणीमार्ग बुजतो. याचा मला संताप येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

नवी मुंबईच्या विमानतळाबद्दलही दोन शब्द. तो झाला, विमानं उडू लागली, आमच्या घरातल्या पोरांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि दहा गावं हलवली. भराव सुरू झाल्यानंतर डुंगी-पारगावच्या लोकांच्या घरांत पावसाचं पाणी शिरलं. भराव घातला की तिथलं पाणी शेजारच्या सखल जागेकडे जातं, यात गूढ काही नाही. शेजारी कोण राहतं हे आधी बघायला हवं होतं.

आता आपल्या दारातली गोष्ट, कारण तिच्यावर आपल्याला खरोखर काही करता येतं. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारती पडायला आल्या आहेत. छताचे पोपडे पडतात, सळ्या दिसतात. पुनर्विकास हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण जुन्या इमारतीभोवती माती होती. आमच्या मागे आंबा, शेवगा, दोन नारळ आणि गोगलगायी असलेली ओलसर जमीन आहे. पावसाचं बरंचसं पाणी तिथेच मुरतं. नव्या आराखड्यांत प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळघर आणि पोडियम, म्हणजे इमारतींखालचा सलग काँक्रीटचा मजला, असतं, आणि हिरवळ पोडियमवर कुंड्यांत. म्हणजे प्लॉटवर पडलेलं जवळजवळ सगळं पाणी लगेच गटारात. शेजारच्या दहा सोसायट्यांनी हेच केलं तर तोच नाला, तीच झडप आणि तोच गाळाने भरलेला तलाव. पाण्याचा हा हिशोब सोसायटीच्या सभेत कोणी मांडत नाही. कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडं यांतच रात्रीचे अकरा वाजतात.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या सोसायटीत बिल्डरचं सादरीकरण असेल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा. प्लॉटवर उघडी माती किती राहणार, तळघराची पातळी सगळ्यात मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा किती खाली आहे, आणि भरतीच्या वेळी तळघरातलं पाणी उपसून टाकणार कुठे. उत्तर लेखी घ्या. आणि मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, आपापल्या सेक्टरचा तलाव कुठे आहे ते शोधून तिथे एकदा जाऊन या. दरवाजे भरतीला मिटतात का, ओहोटीला उघडतात का, दोन्ही वेळा थांबून बघा. जमलं तर गावठाणातल्या एखाद्या जुन्या माणसाला सोबत घ्या, त्यांना पाच मिनिटांत दिसतं ते आपल्याला तासभरात दिसत नाही. मग तारखेसह फोटो काढून सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या सेक्टरातल्या सात सोसायट्यांनी या वर्षी एकत्र अर्ज द्यायचं ठरवलं आहे. मसुदा तयार आहे, कोणाला हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.