घरातली गोष्ट बाहेर नेऊ नका

तुमच्या घरात काही बिनसलं असेल, म्हणजे नवरा-बायको आठवडाभर मुलांमार्फत बोलत असतील, बारावीचा मुलगा खोलीबाहेर येत नसेल, किंवा अंबडच्या कंपनीतून वेळेआधीच निवृत्त होऊन आलेले वडील दिवसभर पंख्याकडे बघत बसत असतील, तर एक पथ्य कटाक्षाने पाळा. समुपदेशकाकडे जाऊ नका. घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे.

आता घर कुठपर्यंत, तेवढं आधी ठरवून घ्या. इंदिरानगरच्या आत्याला सांगितलं तर ते घरातच धरतात. आत्या तिच्या सिडकोतल्या वन्संना सांगेल, त्याही घरच्याच. वन्संच्या भिशीतल्या बायका तर घरच्यांहून जवळच्या. रविवारी मिसळ खायला गेलात की मित्रांच्या कानावरही घाला. दुसऱ्यांदा रस्सा येईपर्यंत ते तुमच्या बायकोचा स्वभाव ठरवून मोकळे होतात. चार लोक काय म्हणतील याची फारच धास्ती असेल, तर त्या चौघांना आपणच जाऊन सगळं सांगून यावं, म्हणजे निदान तपशील तरी चुकत नाहीत. अनोळखी माणसाला मात्र अक्षरही नको. त्यातून हा समुपदेशक पेशाच्या नियमाने बांधलेला. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गोष्ट वेगळी, एरवी तुमचं बोलणं तो बाहेर काढत नाही. इतक्या गप्प माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

प्रकरण हाताबाहेर गेलं की बैठक बोलवा. याला तोड नाही. मुलीकडचे निफाडहून येतील, आपले सिन्नरहून. निफाडला द्राक्षाची छाटणी चालू असेल तर तारीख पुढे ढकलावी लागेल, कारण संसार थांबतो, बाग थांबत नाही. पुरुषांनी सोफ्यावर बसावं, बायकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं. पहिला तास लग्नातल्या मानपानाला द्या. कुठल्या मामाला फेटा बांधला नव्हता, हे इतक्या वर्षांनी का होईना, एकदाचं निकालात निघायला हवं. दुसरा तास सोन्याचा. अध्यक्षस्थानी शक्यतो असा काका बसवा, ज्याचं सख्ख्या भावाशी बांधावरून बोलणं बंद आहे. नाती कशी टिकवायची हे त्याच्याइतकं कळकळीने कोणी सांगत नाही. ज्या दोघांसाठी एवढी माणसं जमली, त्यांना बोलायला लावू नका, उगाच विषयांतर होतं. शेवटी काका निकाल देतील, ‘झालं गेलं गंगेला मिळालं. आता एक मूल होऊ द्या, सगळं सुरळीत होईल.’ मूल आधीच असेल तर दुसरं. आणि नाशकात गंगा रामकुंडावरच असल्यामुळे सगळं संध्याकाळपर्यंत मिळूनही जातं.

समुपदेशकाकडे ही मजा नाही. तिथे ना चिवडा, ना फेटा. पाऊण तास, फार तर तासभर तो प्रश्न विचारणार. ‘ती तसं म्हणाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ अहो, काय वाटायचंय, राग आला! तर तो विचारणार, रागाच्या आधी काय वाटलं. चूक कोणाची, हे तर सांगतच नाही. वर घरी करायला अभ्यास देतो. भांडण नेमकं कुठल्या वाक्यापासून चढतं, ते दोघांनी वेगवेगळं लिहून आणा म्हणतो. चार-सहा भेटी झाल्यावर उमगतं की भांडण फ्लॅटच्या हप्त्याचं नव्हतंच. बाळंतपणानंतर ती सहा महिने एकटी रडत होती आणि तुम्ही दिवसपाळी करून येऊन विचारत होतात, भाजीत मीठ का कमी. हे कळून घ्यायला पैसे द्यायचे?

मारहाण होत असेल तर ‘भांड्याला भांडं लागतंच’ एवढं म्हणा आणि दोघांना एकाच खोलीत बसवून समजूत काढा. ज्याने मारलं, त्याच्यासमोर ती मोकळेपणाने बोलेलच. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातले संरक्षण अधिकारी वगैरे तिला सांगू नका, नाहीतर ती खरोखर जाईल.

वडिलांना भजनी मंडळात घाला. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, उत्साह परतत नसेल तर डॉक्टर नैराश्याची शंका घेतात, तुम्ही घेऊ नका. ‘तिथे गेलं की गोळ्या लावतात’ हे ठासून सांगा. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतो, समुपदेशक नुसता बोलतो, हा बारकावा कोणाला ठाऊक असतो? त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला नेऊन शांत करून आणा. तिकडे जाताना वाटेत सिव्हिल हॉस्पिटल लागतं, तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. तेवढी काच वर करून घ्या.

मुलाच्या मोबाइलमध्ये १४४१६ हा नंबर दिसला तर मोबाइलच काढून घ्या. टेली-मानस नावाची ही सरकारी हेल्पलाइन २०२२पासून चोवीस तास चालू आहे. फुकट, आणि मराठीतही बोलतात. म्हणजे त्यात काही राम नसणार.

एवढं करून नाहीच जमलं तर कोर्ट आहेच. कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४चा, आणि समुपदेशकाची सोय त्या कायद्यातच आहे. तेव्हा दोन वकिलांची फी भरून, एकमेकांच्या आयांवर कागदोपत्री आरोप करून, तुम्ही शेवटी ज्याच्याकडे जायला लाजत होतात त्याच्याचसमोर बसणार.

तिथे गेल्यावर कच खाऊ नका. बायकोकडे बोट दाखवून ‘हिला जरा समजवा’ म्हणा आणि स्वतः मोबाइल बघत बसा. ती बोलायला लागलीच तर मध्येच पाणी मागा. पहिल्याच भेटीत गुण आला का, ते विचारा. आणि निघण्याआधी समुपदेशकाचं मूळ गाव काढून घ्या. कोपरगाव निघालं तर उत्तम, आपले साडू तिकडचेच, कोणीतरी ओळखीचं निघेल.