वाईट नाही, वीट

पंधरा दिवस झाले, पण ते 'काका' अजून कानातून जात नाही.

वयनींच्या होमस्टेच्या पडवीत मी घावणे खात बसलो होतो. समोर लॅपटॉप. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांतला एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा समुद्रावरून आला आणि ओल्या टॉवेलानिशी माझ्या खांद्यामागे उभा राहिला. होमस्टेची वेबसाइट मीच केलेली, क्रिएट रिॲक्ट ॲपवर. रिॲक्ट म्हणजे वेबपानं रचायचा तयार कोड, आणि हे त्यावरची वेबसाइट उभी करून देणारं हत्यार. त्याने दोन सेकंद पाहिलं आणि विचारलं, "काका, हे अजून चालतं?"

चालतं म्हणजे? डोळ्यांदेखत चालत होतं. पण अगदीच मागासलेलं दिसायला नको म्हणून मी म्हटलं, "आता वाईटवर नेणारच आहे."

तो हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. आजारी माणसाशी बोलतात तसा आवाज काढून म्हणाला, "वाईट नाही काका, वीट. फ्रेंच शब्द आहे. वीट म्हणजे झटपट."

मागून वयनी कालथा घेऊन आल्या. "काय झाला भावजी? काय वाईट झाला?"

काही नाही वयनी. वीट आला.

आता व्ही-आय-टी-ई हे स्पेलिंग मराठी माणसाने वाईट असं वाचलं तर त्यात त्याचा काय दोष? वेबसाइट उभी करायचं हे नवं हत्यार इवान यू नावाच्या गृहस्थाने २०२० साली काढलं. त्याआधी त्याने रिॲक्टच्याच जातीचं 'व्ह्यू' काढलं, तेही फ्रेंचच. पण खरी ठसठस उच्चाराची नाही. पोरगं बरोबर होतं, ही आहे. २०१६ साली आलेल्या क्रिएट रिॲक्ट ॲपला खुद्द रिॲक्टवाल्यांनीच १४ फेब्रुवारी २०२५ रोजी निरोप दिला. नव्या कामाला हे वापरू नका म्हणाले. व्हॅलेंटाइन डेला! मला पत्रिका आली नाही.

तर त्याच दुपारी ताव खाऊन सड्यावर गेलो. आमच्या वाडीत रेंज नाही. ती सड्यावर आहे, आणि सड्यावरही सगळीकडे नाही, एका जांभ्या दगडावर आहे. त्याला 'रेंजेचो धोंडो' म्हणतात. मे महिन्याचं ऊन, खाली तापलेला कातळ, बाजूला करवंदीची जाळी. मी धोंड्यावर बसलो, फोनचं हॉटस्पॉट लावलं आणि एनपीएम इन्स्टॉल मारलं, म्हणजे एनपीएम या कोडच्या कोठारातून वेबसाइटला लागणारी पॅकेजं, दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तुकडे, उतरवायला घेतली. लॅपटॉप भरला म्हणून पॅकेजांचं फोल्डर मागेच उडवलं होतं. जुनं घर मोडायच्या आधी ते एकदा उभं करून बघावं लागतं, आमच्या धंद्यात तरी.

तेवढ्यात दाजी आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्याला पंचा, हातात काठी आणि बटणांचा फोन. बाजूला उकिडवे बसून माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. आमच्याकडे कोणी विहीर खणत असला तरी लोक असेच बघत बसतात.

"काय उतरवतंस रे?"

"पाकिटं, दाजी." पॅकेजला मला ऐनवेळी दुसरा शब्द सुचला नाही.

"आहेराची? किती?"

"तेराशे."

"तेराश्शे! कोणाचा लगीन?"

मी समजावायला गेलो. ही माझी जुनी खोड, हिच्यापायी लग्नाच्या पंगतीतही माझ्या शेजारची पानं रिकामी राहतात. म्हटलं, दाजी, मी मागितलं एकच. पण त्याला लागतात दुसरी दहा, त्या दहांना लागतात आणखी शंभर. त्यातली बहुतेक कोणी लिहिली, ते लोक आता काय करतात, आहेत की नाहीत, मला काही ठाऊक नाही. पण एक जरी हललं तरी माझं काम अडतं.

दाजींनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हणजे सातबारो."

मी गप्प. एकवीस वर्षं या धंद्यात आहे. डिपेंडन्सी म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलं नव्हतं.

"माज्या सातबाऱ्यार त्रेचाळीस नावां," दाजी म्हणाले. "तेतूरली एकवीस मेलेली. चार बोरिवलेक. एकाचो पत्तोच नाय. आणि सय सगळ्यांची होयी."

मग मला लेफ्ट-पॅड सांगितल्याशिवाय राहवेना. मार्च २०१६. अकरा ओळींचं एक पॅकेज. काम एवढंच, की शब्दाच्या डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा शून्यं भरून तो हवा तेवढा लांब करायचा. ते लिहिणाऱ्याचं एका कंपनीशी दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाजलं. एनपीएमने कंपनीची बाजू घेतली. हा उठला आणि त्याने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली, त्यात हेही गेलं. त्या अकरा ओळींवाचून रिॲक्ट, बेबल अशा मोठमोठ्यांची कामं जगभर अडली. शेवटी एनपीएमने ती त्याच दिवशी परत आणून बसवली.

माझी अपेक्षा होती की दाजी हळहळतील.

"बरा केल्यान!" दाजी काठी आपटून म्हणाले. "तेचा होता, तेना नेल्यान. तेका इचारल्याशिवाय परत कोणी हाडल्यान?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी कोणाशी बोलतोय. वयनींच्या होमस्टेला मुख्य रस्त्यावरून यायची जी पायवाट होती, ती दाजींच्या जागेतल्या सात पावलांतून जायची. कुठल्याशा गणपतीत मोदकावरून काही बोलाबोली झाली आणि दाजींनी तिथे गडगा घातला. तेव्हापासून पाहुणे पाऊण किलोमीटरचा वळसा घेऊन येतात. माझ्या वेबसाइटवर 'कसे याल' असं जे लांबलचक पान आहे, ते त्या सात पावलांचं आहे. म्हणजे गावचा लेफ्ट-पॅड माझ्या शेजारी बसून तंबाखू मळत होता.

स्क्रीन तीन हिस्से भरली असेल, तोच दाजी उठले. "चल, उठ बगया. माजो टायम झालो."

"कसला टाइम?"

"पाच वाजले. झिलाक फोन करूचो आसा. पाच ते साडेपाच धोंडो माजो. वहिवाट आसा."

दहा मिनिटं थांबा म्हटलं, पाया पडतो म्हटलं. वहिवाटीपुढे पाया चालत नाही. मी लॅपटॉप उचलून चार पावलं बाजूला झालो आणि इन्स्टॉल मेलं. लाल अक्षरांची शिडी खालपर्यंत उतरली. दाजी धोंड्यावर उभे राहून मुंबईला ओरडून सांगत होते की फणस एस्टीने पाठवलाय, उतरवून घे.

तो अर्धा तास मी करवंदीच्या जाळीशी धुमसत काढला. कशासाठी करतो आपण हे? जेक्वेरी शिकलो, ती जुनी झाली. अँग्युलर शिकलो, तर २०१६ साली त्यांनी नाव तेच ठेवून आतलं घर सगळं नवीन बांधलं, जुन्या किल्ल्या लागेनात. ग्रंट आलं, मग गल्प आलं. आधी घुरघुरायचं, मग गिळायचं. बॉवर तर असा सज्जन की त्याच्या स्वतःच्याच पानावर 'दुसरं काहीतरी वापरा' अशी पाटी. आणि वयनींच्या वेबसाइटवर आहे काय? सहा फोटो, दर, फोन नंबर. लोक फोटो बघतात आणि फोन करतात. तेराशे पाकिटं त्या दहा आकड्यांसाठी. हे मला कळत नाही असं नाही. पण साध्या एचटीएमएलमध्ये केलं असतं तर पुढच्या गिऱ्हाइकाला काय दाखवलं असतं, आणि त्या ओल्या टॉवेलवाल्याने तर काकाचं आजोबाच केलं असतं.

फोन संपवून दाजी खाली उतरले. माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. पंचा सारखा केला, हात जोडले आणि देवळाच्या दिशेला तोंड करून सुरू झाले.

"बा देवा रवळनाथा, बारा वाडीच्या मालका, म्हाराजा!"

माझ्याकडे बघून थांबले. गाऱ्हाण्याला साथ लागते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"आज ह्या लेकरान जी काय पाकिटां मागवल्यान हत, ती सुखरूप उतरांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"कोणी मधीच आडो इलो आसात, कोणी सय अडवन ठेवल्यान आसात, तर तेका बुद्धी दी, म्हाराजा!"

इथे मी 'व्हय म्हाराजा' जरा जास्तच जोरात म्हटलं. दाजींच्या लक्षात आलं नाही.

उतरली. देवाने ऐकलं की साडेपाचला रेंज मोकळी झाली, मला ठाऊक नाही. शेवटी नेहमीची ओळ आली, की यातली अडीचशेवर पॅकेजं निधीच्या शोधात आहेत.

"काय म्हणता ता?"

"वर्गणी मागतायत."

"खयचा मंडळ?" म्हणत दाजींनी खिशावर हात ठेवला आणि वाटेला लागले.

पुढे दोन दिवस खपून सगळं विटेवर नेलं. पॅकेजं पुष्कळ कमी झाली, सुरू व्हायला लागायचा तो अर्धा मिनिट गेला. वयनींना दाखवलं. त्यांनी वर-खाली करून पाहिलं. "छान. पण बदलला काय?" काहीच नाही बदललं वयनी, तेच तर काम होतं. याचं बिल कसं लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही. वयनींनी शेवटी फोन नंबर मोठा करून मागितला. तेवढ्याचे पैसे गणपतीनंतर देणार आहेत.

काल सड्यावर दाजी भेटले. पावणेपाच वाजले होते, म्हणून मी आपला उभाच होतो.

"झाला काय तुजा काम?"

"झालं. आता वीट वापरतोय."

"वीट?" दाजींनी पायाखालच्या कातळावर काठी आपटली. "चिऱ्यांच्या गावात ऱ्हवन वीट हाडलंस? घाटावरची बुद्धी ही." मग थोडं वाकून, खरंच काळजी वाटल्यासारखं विचारलं, "एक पावस तरी काढीत मां?"

त्या विटेच्या आत कोडची मोट बांधणारी रोलअप काढून तिथे रोलडाऊन बसवण्याबद्दल मी आदल्याच रात्री वाचलं होतं. म्हटलं, दाजी, पाच वाजले, तुमचा फोन.